प्रकरण अकरावे : दुसऱ्याच्या नावाची हजेरी

सुज्ञ वाचकहो, या प्रकरणात युद्ध, पळवापळवी अथवा खून यांचे वर्णन नाही. गिरणीत काम करणाऱ्या एका बाईस प्रसूतीच्या आगेमागे विसाव्याचे काही दिवस लाभावेत किंवा नाही, या एकाच प्रश्नावर पुंजाजी इंगळे यांच्या अकोल्याच्या घरी इसवी सन १९६५ च्या जून महिन्यात जो विचारविनिमय झाला, तो येथे यथामति निवेदन करीत आहे. विषय लहान दिसेल. परंतु ज्या घरात तो उपस्थित झाला, त्या घरास तो लहान नव्हता.

तो रविवार होता. गिरणीस सुट्टी असल्यामुळे वसाहतीत भोंग्याचा आवाज नव्हता. पुंजाजीची बायको केशरबाई चुलीपाशी बसून सरगुंडे उकडत होती. काडीवर गुंडाळलेल्या कणकेस वाफ धरली होती आणि बाजूस पंचफुला, तिची थोरली सून, पितळी पातेल्यात आंब्याचा रस पिळीत होती. पंचफुलेस सातवा महिना सरत आला होता. छप्पन साली बुद्धाची दीक्षा घेतल्यापासून या घरी ओटी भरण्याचा प्रकार बंद झाला होता. तथापि सातव्या महिन्यात सुनेच्या पानात गोड पडू नये, असे कोणी सांगितले नव्हते. शिवाय धाकटा मुलगा बुधाजी पाच वर्षांनी विलायतेहून आला होता आणि येत्या बुधवारी परत निघणार होता. त्याच्या निरोपासाठी केशरबाईचा धाकटा भाऊ शेषराव अमरावतीहून मुद्दाम आला होता. शेषराव सरकारी कचेरीत कारकून असून बोलण्यापूर्वी चष्मा पुसण्याची त्याची सवय होती.

ओसरीवर पुरुषांचे बोलणे चालले होते. केशरबाईचे हात वाफेत होते आणि कान ओसरीवर.

"बुधाजी, तुले रजा तरी किती दिसाची भेटली?" शेषरावाने विचारले.

"पगारी म्हणसान तर पंधरा दिस, मामा. बाकीची बिनपगारी."

"पंधराच? तुले तर येऊन महिना झाला."

"अठरा दिस जहाजातच गेले. मुंबईले उतरलो तवा पगारी रजा सरून गेलती."

"म्हंजे पोराची सुट्टी मासोळ्यायनं खाल्ली," पुंजाजी म्हणाला. म्हाताऱ्याच्या या बोलण्यावर सारे हसले आणि आत पंचफुलाही हसली.

बुधाजी बर्मिंगहॅमकडच्या एका लोखंड ओतण्याच्या कारखान्यात होता. तो सांगू लागला की, तिकडे उन्हाळ्यात वर्षातून एकदा कारखान्याच्या भट्ट्याच थंड करतात. दोन आठवडे चिमणीतून धूर निघत नाही.

केशरबाईस राहवले नाही. तिने आतूनच विचारले, "अन् तेवढे दिस लोकं खाते काय?"

"पगार खाते, माय. काम बंद अन् पगार चालू. सारं गाव समुद्रावर जाऊन बसते."

"समुद्रावर काय काम रायते?"

"काईच नाई. बसते नुसतं."

एक सबंध गाव काहीही न करता पाण्याकडे तोंड करून बसले आहे, हे चित्र केशरबाईने मनात आणून पाहिले. ते नीट जमले नाही. तिच्या उभ्या आयुष्यात तिने बसलेली माणसे पाहिली होती ती एक तर आजारी, नाही तर मालक.

शेषरावाने चष्मा पुसला. "आमच्या कचेरीतही हाय तसं. किरकोळ रजा, अर्जित रजा, डॉक्टरचा दाखला देल्ला त वैद्यकीय रजा," असे म्हणून त्याने आपल्या रजांची नावे जणू स्वतःच्या लेकरांची सांगावीत अशा मायेने सांगितली. "अन् गिरणीतही कायद्यानं भेटते बाप्पा. वीस दिस कामाले एक दिस रजा. काहून रे डोमाजी, भेटते का नाई?"

डोमाजी हा थोरला मुलगा. तो त्याच गिरणीत विणकाम खात्यात होता. तो स्वभावाने घाबरट नव्हता, परंतु ज्याच्या एकट्याच्या पगारावर घर चालत नाही, त्या माणसाचे धाडस जेवढे असते तेवढेच त्याचे होते. तो म्हणाला, "भेटते न. पण सालात दोनशे चाळीस दिस भरले पाहिजे. भरत आले का भरती करणारा जॉबर म्हंते, चार रोज घरी बस, मंग नवा म्हणून ये. म्या पक्का व्हावं म्हणून सहा साल काढले."

"हे तर कायद्याले उल्लू बनवणं झालं," बुधाजी म्हणाला.

"कायदा नागपुरात रायते. जॉबर फाटकावर रायते," पुंजाजी म्हणाला.

इतक्यात पंचफुला रसाचे पातेले घेऊन ओसरीवर आली. उंबरठा ओलांडताना तिने भिंतीस हात टेकला. तिच्या पायावर सूज होती. बुधाजीने ती पाहिली आणि सहज विचारले, "वयनी, तुमी रजा कवापासून टाकता? बाईले तर बाळंतपणाची रजा भेटते न आता? जहाजावर एका वकिलानं सांगतलं मले. नवा कायदा झाला म्हंते."

पंचफुलाने पातेले खाली ठेवले व ती आत निघून गेली. केशरबाईने चुलीतले लाकूड विनाकारण पुढे सारले.

बुधाजीस ठाऊक नसलेली एक गोष्ट वाचकांस येथे सांगितली पाहिजे. चार वर्षांपूर्वी केशरबाईचा खोकला विकोपास गेला. रिळिंग खात्यात, म्हणजे जेथे सूत रिळावर गुंडाळतात तेथे, ती सतरा वर्षे पक्की होती. काम सोडावे तर पक्की जागा जाते, न सोडावे तर श्वास जातो. तेव्हा खात्यातील बायांवर देखरेख करणाऱ्या नायकिणीनेच युक्ती सांगितली की, हजेरीचे कार्ड सासूचे राहू दे आणि काम सून करो. अशी उदाहरणे त्या खात्यात पूर्वीही झाली होती. पंचफुला केशरबाईच्या नावावर कामास जाऊ लागली. सकाळी फाटकावर "केशरबाई पुंजाजी" असा पुकारा झाला की पंचफुला ओ देई.

हे सर्व डोमाजीने भावास खाली मान घालून सांगितले.

"म्हंजे वयनीचं नावच नाई गिरणीत?" बुधाजी म्हणाला.

"नाई."

"मंग रजा?"

"कार्डावर वय सत्तावन लिवलेलं हाय," डोमाजी म्हणाला. "सत्तावन सालाच्या बाईनं बाळंतपणाचा अर्ज टाकायचा का?"

पुंजाजी हसू आवरत म्हणाला, "मी या वयात बाप झालो, तर गिरणीवाले मलेच बक्षीस देतीन." पण या वेळी कोणी हसले नाही आणि त्यालाही ते लगेच उमगले.

बुधाजी उठून उभा राहिला. "तिकडं बाईले सरकार अठरा आठवडे पैसे देते. विम्याचे हप्ते भरले असले म्हंजे झालं."

"अन् तिची जागा राखून ठेवते?" शेषरावाने विचारले.

बुधाजी मनाने सच्चा होता. "नाई. जागेचा भरवसा नाई. आमच्या शेजारची एक बाई बाळंतीण झाली तर तिच्या मशीनवर दुसरीच उभी केली त्यायनं. कोणी काई बोललं नाई. अन् रातपाळीचं जड काम आमच्याच वाट्याले येते, गोऱ्याच्या नाई. तेही खरं हाय."

"पाह्य," शेषराव म्हणाला. "आपला कायदा बारा आठवडे पगार देते आन वरून म्हंते, त्या काळात बाईले काढता येत नाई. एकशे साठ दिस काम केलेलं पाहिजे, बस्स. कागदावर आपण विलायतेच्याही पुढं हावो."

पुंजाजीने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "म्हंजे तिकडं पैसे भेटते, जागा भेटत नाई. इकडं दोन्ही भेटते, पण आपल्याले काईच भेटत नाई. बरोबर न?"



केशरबाई चुलीपाशीच बसली होती. तिच्या मनात वेगळेच चालले होते. डोमाजी पोटात असताना ती सरकी काढण्याच्या एका जिनिंग कारखान्यात कापूस निवडीत होती. कळा आल्या तेव्हा सरकीच्या ढिगाआड बायांनी लुगड्याचा आडोसा केला आणि डोमाजी जन्मास आला. सहाव्या दिवशी ती परत कामावर उभी होती. ही हकिकत तिने आयुष्यभर अभिमानाने सांगितली होती. पंचफुलेसही सांगितली होती. दोन वर्षांपूर्वी पंचफुलेस पहिली मुलगी झाली, तेव्हा नवव्या दिवशी नायकिणीचा निरोप आला की उद्या कार्डावर बाई उभी राहिली नाही तर जागा दुसरीस देतो. त्या वेळी केशरबाईनेच म्हटले होते, "आमी तर सहाव्या दिशी गेलो होतो, बाई." पंचफुला गेली. विसाव्या दिवशी ती पोर तापाने गेली. तेव्हापासून केशरबाईने जिनिंगची हकिकत कोणास सांगितली नव्हती.

ती पदराला हात पुसून ओसरीवर आली.

"नाव माहं हाय," ती म्हणाली. "तर काम बी माहंच. उद्यापासून मी जाईन. पंचफुला घरी राहीन."

डोमाजीच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव इतक्या लवकर उमटला की, केशरबाईस तो दिसला आणि टोचला. शेषराव म्हणाला, "कायद्यानं यात चूक काईच नाई. कार्ड तुहंच हाय, अक्का." पुंजाजीने तंबाखू चोळण्यास सुरुवात केली. एकटा बुधाजी म्हणाला, "माय, तुले दोन पावलं चालली तर धाप लागते. तिकडं साठीच्या बाईले घरी बसवून पेन्शन देतेत."

"मी तिकडची नाई, बावा."

"तीन महिने त्या धुरोळ्यात तू जगशीन का?"

"जगली तर जगली. एक लेकरू गेलं या घराचं."

त्या घरात दोन वर्षांत हे वाक्य कोणी उच्चारले नव्हते. ते केशरबाईच्या तोंडून यावे याचे सर्वांस आश्चर्य वाटले. तेव्हा दारातून पंचफुला बोलली. ती मोठ्यांच्या बोलण्यात सहसा पडत नसे.

"आत्याबाई, तुमी जाऊ नका."

"तुले आराम नको का, पंचफुले?"

"पाहिजे. पण असा नको." ती भिंतीस टेकून खाली बसली. "तुमी तीन महिने जासान. मंग मी पुन्हा केशरबाई होईन. पुढच्या डावालेही हेच. माहं नाव कवा लागीन?"

"नावाचं काय घेऊन बसली," डोमाजी म्हणाला.

पंचफुलाने त्याच्याकडे पाहिले नाही. ती सासूकडेच पाहत होती. "पोरगी गेली तवा मी दोन रोज खाडा केला. तिसऱ्या रोजी हापिसात बोलावलं. सायेबानं इचारलं, केशरबाई, खाडा काहून केला? म्या म्हटलं, घरी मयत झाली. तो म्हणे, कोण गेलं? आता मी काय सांगू? कार्डावर तवा पंचावन सालाची बाई. सायेबानं डोळे वर केले असते तर समदं उघडं पडलं असतं. म्या खाली पाहून म्हटलं, नात गेली."

बुधाजी भिंतीकडे वळला.

"माह्या पोटची पोर होती," पंचफुला म्हणाली. "अन् मी सांगतलं, नात गेली. तो म्हणे, बरं, नातीसाठी दोन रोज लय झाले."

केशरबाई जागच्या जागी खाली बसली. तिला वाटले होते की, आपण सुनेस आपले नाव दिले, म्हणजे उपकारच केला. त्या नावाने तिच्याकडून काय काय काढून घेतले, हे तिने आजवर मोजले नव्हते.

"उद्या मी हापिसात जातो," ती म्हणाली. "कामाले नाई. खरं सांगाले."

आता घरात दोन पक्ष पडले. डोमाजी म्हणाला, "दोघींचं काम जाईन, अन् मलेही फाटकाबाहेर काढतीन." शेषराव, जो क्षणापूर्वी बहिणीच्या बाजूस होता, तो म्हणाला, "अक्का, सतरा सालाचा तुहा फंड अडकून जाईन. मी सरकारी माणूस हावो, मले तर यात पडताच येत नाई." बुधाजी आईच्या बाजूस झाला आणि इंग्रजीत अर्ज लिहितो म्हणाला. त्यावर डोमाजी कडवटपणे म्हणाला, "तू बुधवारी गाडीत बसशीन. इथं आमाले राहाचं हाय." हे बोलणे बुधाजीस लागले, कारण ते खरे होते.

शेवटी पुंजाजी बोलला. तो घरात थट्टेसाठी प्रसिद्ध होता, निर्णयासाठी नव्हे. "डोमाजी," तो म्हणाला, "तुही माय सहाव्या दिशी कामाले गेली तवा मी होतो. म्या तिले नाई म्हटलं नाई. मले वाटलं, असंच रायते. आता तू बी माह्यासारखा बसून राहू नको."

शेषरावाने चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि मग कागद मागितला. "इंग्रजी नको," तो बुधाजीस म्हणाला. "मराठीतच लिवतो, समदं खरं अन् रजेची मागणीही. सही माही नाई राहाची, पण अक्षर माहं राहीन." जेवणे थंड झाली. रसात सरगुंडे मोडून घेत सर्वांनी ती तशीच खाल्ली, आणि पंचफुलेच्या पानात केशरबाईने दोनदा वाढले.

सोमवारी सकाळी दोघी गिरणीच्या कचेरीत गेल्या. लेबर ऑफिसर हा तरुण मनुष्य होता. अर्ज वाचून त्याने दोघींकडे पाहिले.

"तुमच्यापैकी केशरबाई कोण?"

"मी," केशरबाई म्हणाली.

"मी तर यांना केशरबाई म्हणून ओळखतो."

"ते पंचफुला हाय, सायेब. माही सून."

त्याने रजिस्टर मागवून पाने उलटली. "म्हणजे गेली चार वर्षे तुम्ही एक दिवसही काम केलेले नाही. त्यामुळे तुम्हांला रजा लागू होत नाही. आणि यांचे नाव रजिस्टरात नाही, म्हणून यांनाही होत नाही."

केशरबाईस खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत तो थांबला. मग तिने विचारले, "म्याही काम केलं नाई, हिनंही केलं नाई. मंग चार साल सूत गुंडायलं कोणं?"

तरुण अधिकाऱ्याने रजिस्टर मिटले. तो उद्धट नव्हता. "हे मला वर कळवावे लागेल. चौकशी होईपर्यंत दोघींनी कामावर येऊ नये," एवढेच तो म्हणाला.

बुधवारी बुधाजी मेलने मुंबईस गेला. गाडी सुटताना त्याने वहिनीच्या पायांकडे पाहून विचारले, "सूज कमी झाली न?" ती म्हणाली, "दोन रोजात निम्मी झाली, भाऊजी." बिनपगारी का होईना, तिचे पाय जमिनीवर टेकले होते.

पाच आठवडे गेले. डोमाजी घरात कोणाशी नीट बोलेना. जुलैच्या मध्यास एका मंगळवारी पोस्टमनने लिफाफा आणून दिला. वर टाइप केलेले होते : श्रीमती पंचफुला डोमाजी इंगळे. या नावाने त्या घरी आलेले हे पहिलेच पत्र. डोमाजी कामावर निघालाच होता. त्याने ते फोडले आणि अडखळत वाचले :

"आपण सन १९६१ पासून आजपावेतो रिळिंग खात्यात केशरबाई पुंजाजी इंगळे या नावाने काम करीत होता. सदर कृत्य गिरणीच्या नियमांविरुद्ध असल्याने आपणांस कामावरून कमी का करू नये, याचा खुलासा सात दिवसांचे आत करावा."

"म्या म्हटलं होतं," तो म्हणाला.

"पयली ओळ पुन्हा वाचा," पंचफुला म्हणाली.

त्याने वाचली.

"एकसष्टपासून म्या काम केलं, हे तेच लिवून देऊन राहिले," ती म्हणाली. "आपल्यापाशी तर कागदच नव्हता."

केशरबाई पुढे सरकली. "अन् म्हंते कामावरून कमी करतो. जे कामावर नाई, त्याले कमी कसं करतीन? पंचफुला कामावर हाय, हेच तर लिवलं त्यायनं. खाली सही हाय का, डोमाजी?"

"हाय. शिक्काही हाय."

डोमाजी पत्राकडे पाहत उभा राहिला. त्याने ते तिसऱ्यांदा वाचले, या वेळी ओठ न हलवता. बाळंतपणाच्या रजेस लागणाऱ्या एकशे साठ दिवसांचा हिशेब त्याच्या मनात फिरत असावा. मग त्याने डब्याचे फडके सोडून डबा आईजवळ ठेवला आणि खुंटीवरचा धुतलेला सदरा घेतला.

"कामाले नाई जात?" केशरबाईने विचारले.

"खाडा करतो आज. युनियनच्या हापिसात जाऊन येतो. लेबर कोर्टात कोण जाते ते इचारतो." दाराशी तो थांबला आणि बायकोस म्हणाला, "खुलाशात तुहं नाव तू सांगशीन तसंच लिवू." आणि तो गेला.

"आता निज," केशरबाई सुनेस म्हणाली.

"या टायमाले?"

"याच टायमाले."

पंचफुला कामाच्या वारी, कामाच्या वेळी, आडवी झाली. थोड्या वेळाने गिरणीचा भोंगा झाला. तेव्हा ती गाढ झोपेत होती, आणि केशरबाईने तिला उठवले नाही.

येथवर ज्यांनी वाचले, त्यांनी हा वेळ स्वतःच्या विसाव्यातून काढून दिला आहे, हे मी जाणतो. विसावा देणे ही साधी देणगी नव्हे. ज्यांनी तो मजसाठी खर्च केला त्या सर्व वाचकांचे मनःपूर्वक आभार मानून ही लेखणी ठेवतो.

किसन उकर्डा तायडे
अकोला